टाइप-सी सॉकेट बोर्डावरून उखडतंय, पुढच्या २०० बोर्डांसाठी कुठलं घ्यावं?

निफाडची माती

नमस्कार मंडळी,

द्राक्षबागेत मातीतला ओलावा मोजून नोंदवणारं एक छोटं यंत्र मी गेली दीड वर्षं करतोय. वेलाच्या बुडाशी दोन सेन्सर, वर खांबाला डबी, डबीत १८६५० मापाचा, पुन्हा चार्ज होणारा एक सेल. डबीच्या खालच्या अंगाला रबरी झाकणामागे टाइप-सी सॉकेट आहे. महिन्या-दीड महिन्याने मोबाइलच्या चार्जरने सेल भरायचा आणि लॅपटॉप जोडून नोंदी उतरवून घ्यायच्या, एवढाच त्याचा उपयोग.

मागच्या हंगामात ४० बोर्ड करून ओळखीच्या बागाईतदारांना वापरायला दिले. त्यातून दोन दुखणी समोर आली.

पहिलं म्हणजे ४० पैकी ७ बोर्डांवरची सॉकेटं हलायला लागली. तीन तर खालच्या तांब्याच्या पॅडसकट उखडून आली. बागेत उभ्यानं, घाईत, एका हातानं केबल लावली जाते. वापरणाऱ्याची यात काही चूक नाही.

दुसरं, जुन्या यूएसबी-ए चार्जरवर सगळे बोर्ड चार्ज होतात. नव्या सी-टू-सी केबलीवरही बहुतेक होतात. पण एका बागाईतदाराच्या मुलाने लॅपटॉपबरोबर आलेली जाड केबल लावली, तर दिवाच लागेना. केबल उलटी करून लावली तरी तेच.

सॉकेट बाजारातून सुट्या पुडीत घेतलं होतं, १६ पिनचं. शेलचे पायसुद्धा सरफेस माउंट, म्हणजे बोर्डाच्या आरपार काहीच जात नाही. आता २०० बोर्ड करायचेत. चार्जिंग जास्तीत जास्त १ अँपिअर, डेटा यूएसबी २.०, बोर्डाची जाडी १.६ मिमी. ६ पिन, १६ पिन, २४ पिन, आरपार पायांचं, खाचेत बसणारं, उभं… एवढे प्रकार बघून गोंधळ उडालाय. अनुभव असणाऱ्यांनी सांगावं.

तांब्याची वाट

दुसऱ्या दुखण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे सॉकेटपेक्षा सर्किटचा संशय येतोय. सीसी१ आणि सीसी२ या, पलीकडे काय जोडलंय ते ओळखायच्या पिनांना ग्राउंडकडे किती रेझिस्टर आहेत?

निफाडची माती

५.१ किलोओहमचा एक. दोन्ही पिना एकमेकींना जोडल्या आणि तिथून एक रेझिस्टर ग्राउंडला दिला. केबल सुलटी लागो की उलटी, एकाच रेझिस्टरवर काम भागेल असा विचार होता.

तांब्याची वाट

सापडलं. अगदी हीच चूक २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांवर होती. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती दुरुस्त केली.

आत काय घडतं ते बघा. चार्जर आपल्या सीसी पिनांवर लक्ष ठेवून असतो. पलीकडे ५.१ किलोओहम दिसला की वीज घेणारं यंत्र जोडलंय असं समजून तो ५ व्होल्ट सोडतो. तोपर्यंत सी-टू-सी केबलीत व्हीबसवर, म्हणजे विजेच्या तारेवर, काहीच नसतं. यूएसबी-ए चार्जर मात्र काही न विचारता ५ व्होल्ट देत राहतो, म्हणून तिथे तुमची चूक लपून राहिली.

जाड केबलीत ई-मार्कर नावाची चिप असते. ५ अँपिअर वाहून नेणाऱ्या केबलीत ती असावीच लागते. ही चिप केबलीतल्या दुसऱ्या सीसी पिनेवर, म्हणजे व्हीकॉनवर, सुमारे १ किलोओहम दाखवते. टाइप-सीच्या मानकात ८०० ते १२०० ओहम असं आहे. तुम्ही दोन्ही सीसी एकत्र बांधल्यामुळे तुमचा ५.१ किलोओहम आणि केबलीतला १ किलोओहम समांतर येतात, म्हणजे साधारण ८४० ओहम. चार्जरला दोन्ही पिनांवर तसाच लहान रोध दिसतो आणि दोन्हीकडे लहान रोध याचा मानकातला अर्थ आहे हेडफोनचा अडॅप्टर. हेडफोनला वीज कशाला द्यायची? तो गप्प बसतो.

उपाय: सीसी१ ला स्वतंत्र ५.१ किलोओहम, सीसी२ ला स्वतंत्र ५.१ किलोओहम. दोघांची गाठ कुठेही पडता कामा नये. एक टक्का अचूकतेचे घ्या, किमतीत फरक नाही.

आता पिनांबद्दल. पूर्ण सॉकेटात २४ संपर्क असतात, वर १२ आणि खाली १२. त्यात ग्राउंड ४, व्हीबस ४, सीसी २, एसबीयू (जादा कामांसाठीच्या) २, यूएसबी २.० च्या डेटाच्या, म्हणजे डी प्लस-डी मायनसच्या, दोन जोड्या, आणि उरलेले ८ वेगवान डेटाचे. तुम्हाला ते आठ लागत नाहीत. ते आठ वगळले की राहतात १६, आणि बाजारातलं १६ पिनचं सॉकेट म्हणजे नेमकं हेच. त्यातही शेजारच्या ग्राउंडा आणि व्हीबस जोडून एकेका रुंद पॅडवर आणलेल्या असतात, त्यामुळे बोर्डावर बहुधा १२ च पॅड दिसतात. फूटप्रिंटमध्ये, म्हणजे सॉकेटसाठी बोर्डावर आखलेल्या पॅडांच्या नकाशात, १२ मोजून चुकीचा भाग आलाय असं समजू नका.

६ पिनचं सॉकेट फक्त विजेसाठी: दोन व्हीबस, दोन ग्राउंड, सीसी१, सीसी२. पॅड ऐसपैस असतात, हातानं सोल्डर मारायला सोपं. पण डेटाच्या पिना नसल्यामुळे तुमच्या नोंदी उतरणार नाहीत.

सीसीच्या पिना मुळातच नसलेलं दोन पिनांचं ‘टाइप-सी’ सॉकेटही बाजारात मिळतं. ते घेऊ नका, कुणालाही घेऊ देऊ नका. सी-टू-सी केबलीवर ते कधीच चार्ज होणार नाही. विकणारा ते सांगत नाही, आणि घरी नेणारा माणूस आपला चार्जर बिघडला असं समजतो.

तिसरं वर्ष ई अँड टीसी

ताई, एक विचारू? १६ पिनच्या सॉकेटात डी प्लस दोन आणि डी मायनस दोन का? केबलीच्या टोकाला तर एकच जोडी असते असं वाचलं.

तांब्याची वाट

बरोबर वाचलंस. प्लगमध्ये एकच जोडी असते. प्लग सुलटा असला तर ती सॉकेटच्या वरच्या जोडीला भिडते, उलटा असला तर खालच्या. म्हणून बोर्डावर आपण ए६ आणि बी६ (दोन्ही डी प्लस) जोडतो, ए७ आणि बी७ (दोन्ही डी मायनस) जोडतो.

हे जोडताना नवखे अडखळतात. पॅडांचा क्रम बी७, ए६, ए७, बी६ असा येतो, म्हणजे मायनस, प्लस, मायनस, प्लस. दोन्ही जोडण्या पॅडांच्या एकाच बाजूने करायला गेलं की एक ट्रॅक दुसऱ्याला ओलांडतोच. मी एक जोडणी पॅडांच्या पुढून सॉकेटच्या पोटाखाली नेते आणि दुसरी मागच्या बाजूने. पोटाखाली जागा नसेल तर दोन व्हाया (थरांना जोडणारी भोकं) टाकून खालच्या थरावरून. हा तुकडा आखूड ठेवायचा. १२ मेगाबिटच्या साध्या यूएसबीला काही फरक पडत नाही, ४८० मेगाबिटला मात्र लांब शेपूट राहिली की त्रास होतो. तिथे जोडीचा इम्पिडन्सही ९० ओहम राखावा लागतो.

भोसरी जॉबवर्क

मी भोसरीला एसएमटी लाइन, म्हणजे बोर्डांवर यंत्राने भाग बसवायचा कारखाना, चालवतो. टाइप-सीची सॉकेटं रोज हातातून जातात, त्यामुळे पहिल्या दुखण्यावर जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यांना वाटतं सॉकेट केबल ओढल्यानं उखडतं. सरळ ओढीनं सहसा उखडत नाही. मानकाप्रमाणे नव्या सॉकेटातून प्लग बाहेर यायला ८ ते २० न्यूटन लागतात, म्हणजे जास्तीत जास्त २ किलोच्या वजनाएवढी ओढ. त्याहून जास्त ओढाल तर प्लगच सुटून येईल. सॉकेट मरतं ते आडव्या ताणानं. प्लग आणि त्याचं प्लॅस्टिकचं बोंड मिळून एक तरफ होते. बोंडाच्या टोकाला हातानं थोडं खाली दाबलं की सॉकेटची मागची कड वर उचलली जाते. त्या जागी तुमच्याकडे आहेत अर्धा मिमी अंतरावरचे बारीक पॅड. बोर्डाचं तांबं खालच्या फायबरला चिकटवलेलं असतं, त्याची पकड ती किती? सोल्डर टिकतं, पॅड सोलून निघतो. तुमची तीन सॉकेटं पॅडसकट आली, म्हणजे सोल्डरिंग चांगलं झालं होतं.

म्हणून शेलचे चारही पाय आरपार जाणारं सॉकेट घ्या, संपर्क भले सरफेस माउंट असोत. तुमच्या कामाला हाच प्रकार बसतो. जीसीटीचं यूएसबी४१०५ हे याचं चांगलं उदाहरण, आणि ह्रोपार्ट्सचं टाइप-सी-३१-एम-१२ आपल्याकडे पुष्कळ वापरलं जातं.

पण आरपार पाय आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. पायाची लांबी बघा. एकाच सॉकेटचे आखूड आणि लांब पायांचे दोन-तीन प्रकार असतात. १.६ मिमीच्या बोर्डात ०.८ मिमीच्या बोर्डासाठीचा आखूड पाय घातला तर तो अर्ध्यातच राहतो. खालून सोल्डरची टेकडी दिसली पाहिजे.

पायांची भोकं गोल नसतात, लांबट खाचा असतात. गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायच्या फाइली, पाठवताना त्या खाचा ड्रिलच्या फाइलीत खाच म्हणूनच गेल्या आहेत ना ते स्वतः उघडून बघा. एका ग्राहकाच्या फाइलीत खाचेच्या जागी मधोमध एक गोल भोक गेलं होतं. ३०० बोर्ड आले आणि एकातही सॉकेट बसेना. शिवाय बोर्ड बनवणाऱ्याला किती अरुंद खाच आतून तांब्याचा मुलामा देऊन करता येते, ते आधी विचारून घ्या.

आम्ही हे पाय रीफ्लोमध्येच, म्हणजे सोल्डरची पेस्ट भट्टीत वितळवतानाच, बसवतो, वेगळी हातसोल्डरिंग नाही. त्यासाठी स्टेन्सिलमध्ये, म्हणजे पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्यात, खाचेवर पेस्टची जागा मोठी ठेवावी लागते. पेस्टमध्ये आकारमानाने निम्मा धातू असतो, बाकीचं फ्लक्स वितळून जातं, त्यामुळे खाच भरायला पेस्ट दुप्पट हवी. संपर्कांच्या पॅडांवर मात्र उलट, तिथे जास्त पेस्ट झाली की शेजारच्या पिना जुळतात. १२० मायक्रॉनचं स्टेन्सिल दोन्हीला चालतं.

आणि प्लॅस्टिकच्या दोन बोटांचं सॉकेट घ्या. पोटाखालची ही बोटं बोर्डाच्या भोकात बसतात म्हणून वितळलेल्या सोल्डरवर सॉकेट तिरकं तरंगत नाही. बिनबोटांचं स्वस्त मिळतं, पण शंभरात काही तिरके निघणारच आणि ते तुमच्या डबीच्या भोकाला जुळणार नाहीत.

तिसरं वर्ष ई अँड टीसी

सर, खाचेत बसणारं सॉकेट जास्त मजबूत नाही का? बोर्डाच्या कडेला खाच पाडून त्यात सॉकेट अर्धं बुडवतात ते. आणि २४ पिनचं कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरावं का?

भोसरी जॉबवर्क

खाचेत बसवतात ते उंची वाचवण्यासाठी. पातळ फोनात, घड्याळात त्याची गरज असते. ताण थोडा बरा विभागला जातो हे खरं, पण ते सॉकेट बोर्डाच्या ठरावीक जाडीसाठीच केलेलं असतं. उद्या १.६ वरून १.० वर गेलात तर सगळं बदलावं लागेल. वरून बसणारं सॉकेट जास्त ठिकाणी मिळतं, आणि एक बंद पडलं तर त्याच्या जवळचं दुसरं सापडतं.

२४ पिनच्या साध्या सरफेस माउंट सॉकेटात पिनांची दुसरी रांग शेलच्या पोटाखाली जाते. तिथे सोल्डरिंगची इस्त्री पोहोचत नाही, डोळाही पोहोचत नाही. सोल्डर नीट झालं का ते एक्स-रेमध्येच दिसतं. शिकताना ते घेऊ नकोस. वेगवान डेटा हवाच असेल तर एक रांग सरफेस आणि दुसरी रांग आरपार पिनांची असं मिश्र सॉकेट मिळतं, ते घे. दोन्ही रांगा बघता येतात.

कोल्हापूरचा दुरुस्तीवाला

मी वीस वर्षं मोबाइल आणि छोटी यंत्रं दुरुस्त करतोय. भोसरीकरांशी ९० टक्के सहमत. बाकीच्या १० टक्क्यांबद्दल लिहितो.

निफाडकर, तुमचं यंत्र खेड्यात वापरलं जाणार. सॉकेट कधी ना कधी जाणारच. मानक म्हणतं १०,००० वेळा घाला-काढा, पण ते स्वच्छ प्रयोगशाळेत सरळ घातलेल्या प्लगसाठी. बागेत धूळ आहे, माती आहे. मग दुरुस्ती कोण करणार? तालुक्याच्या दुकानातला पोरगा, साध्या इस्त्रीनं. त्याच्या दृष्टीनं सगळ्या सोळा पिना आरपार असलेलं सॉकेट बरं. यूएसबी४०८५ त्या जातीचं. खालून प्रत्येक पिन दिसते, प्रत्येकीला इस्त्री लावता येते.

शिवाय सगळा भार सॉकेटवर टाकू नका. डबीच्या प्लॅस्टिकलाच सॉकेटच्या शेलभोवती पकड द्या, वर-खाली दोन फासळ्या, शेलला जेमतेम टेकतील अशा. प्लग आडवा दाबला तर भार डबीनं घ्यावा. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत जिथे अशी पकड असते तिथे सॉकेट हललेलं मी क्वचितच बघितलंय, मग सॉकेट स्वस्तातलं का असेना.

भोसरी जॉबवर्क

फासळ्यांबद्दल शंभर टक्के मान्य. सोळा आरपार पिनांबद्दल मात्र नाही. ती भोकं इतकी बारीक आणि जवळजवळ असतात की बोर्डाचा खर्च वाढतो, डी प्लस-डी मायनस बाहेर काढायला वाट उरत नाही, आणि ते सॉकेट काढताना सोळा भोकांतलं सोल्डर एकाच वेळी वितळवावं लागतं. लावायला सोपं, काढायला अवघड. तालुक्याचा पोरगा ते काढताना भोकाच्या आतला मुलामाच ओढून काढेल.

कोल्हापूरचा दुरुस्तीवाला

मी काढताना सॉकेट आधी कटरनं तुकडे करून टाकतो, मग एकेक पिन चिमट्यानं. पाच मिनिटांचं काम. पण हे सगळ्यांना माहीत नसतं, हा तुमचा मुद्दा खरा.

इसार काठ

मी म्यूनिकला असतो, चार्जिंगच्या उपकरणांवर काम करतो. धागा वाचून दोन-तीन गोष्टी आठवल्या.

इथे युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे वगैरेंना टाइप-सी बंधनकारक झालं, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. भारतातही भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) टाइप-सीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएस/आयईसी ६२६८०-१-३ म्हणून स्वीकारलं आहे. याचा तुमच्याशी संबंध एवढाच की इथून पुढे लोकांच्या घरात यूएसबी-ए चार्जर कमी होत जाणार. ‘ए-टू-सी केबल वापरा’ असं माहितीपत्रकात लिहून सीसीची चूक झाकता येणार नाही. रेझिस्टर आत्ताच सुधारताय ते उत्तम.

डेटाशीटवर ‘५ अँपिअर’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट घ्या. ते व्हीबसच्या चारही संपर्कांवर मिळून आहे, म्हणजे संपर्कामागे १.२५ अँपिअर, आणि तेव्हा तापमानवाढ ३० अंश सेल्सिअसच्या आत राहिली पाहिजे अशी अट आहे. ही उष्णता बोर्डाच्या तांब्यातून बाहेर जाते. व्हीबसच्या पॅडला बारीक ट्रॅक जोडला तर ५ अँपिअरचं सॉकेट ३ अँपिअरलाही तापेल. तुमच्या १ अँपिअरला प्रश्न नाही, पण दोन्हीकडच्या व्हीबसच्या पॅडांना रुंद तांबं द्याच. एकाच बाजूचा पॅड जोडून दुसरा तसाच सोडलेले बोर्ड मी पाहिलेत.

व्हीबसवर सरळ बसणारं कपॅसिटर १० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. वीज घेणाऱ्या यंत्राला जोडणीच्या क्षणी तेवढीच मुभा आहे.

चार्जर किती अँपिअर देऊ शकतो हे सीसीवरच्या व्होल्टेजवरून कळतं. ५.१ किलोओहमवर साधारण ०.४ व्होल्ट म्हणजे जुन्या यूएसबीएवढीच परवानगी, ०.९ म्हणजे १.५ अँपिअर, १.७ म्हणजे ३ अँपिअर. तुमच्या मायक्रोकंट्रोलरला एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या, दोन पिना मोकळ्या असतील तर दोन्ही सीसी तिथे वाचा आणि कमी परवानगीच्या चार्जरवर चार्जिंगचा वेग कमी करा. लॅपटॉपच्या पोर्टवर फार उपयोगी पडतं.

निफाडची माती

एवढं सगळं वाचून आज बोर्ड पुन्हा काढून बसलो. सीसीचा ट्रॅक कापून दुसरा रेझिस्टर तारेनं जोडला. जाड केबलीवर दिवा लागला! ताई, मनापासून आभार. हे मी सहा महिने चार्जरच्या माथी मारत होतो.

आता तिसरं दुखणं, जे मी पहिल्या पोस्टमध्ये किरकोळ समजून लिहिलं नाही. पावसाळ्यानंतर पाच-सहा सॉकेटांत आतल्या जिभेवर, जिथे संपर्क असतात तिथे, हिरवट थर दिसला. रबरी झाकण होतं, पण कुणी नीट लावत नाही. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी असते, त्यात मोरचूद आणि चुना, त्यामुळे हिरवं तिथूनच आलं असेल असं समजलो. भिंगातून बघितलं तर थर सगळीकडे सारखा नाही. व्हीबसच्या पिनेपाशी आणि तिच्या शेजारच्या सीसीपाशी जास्त, बाकी ठिकाणी जवळजवळ नाहीच. फवारा काय पिना निवडून बसतो?

पाणीरोधक सॉकेट घ्यावं का?

तांब्याची वाट

ही नोंद फार मोलाची आहे. केबल न लावता, सेल जोडलेला असताना, व्हीबस आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावून किती व्होल्ट दिसतात ते सांगा.

निफाडची माती

२.९ व्होल्ट! केबल नसताना हे कुठून आलं?

तांब्याची वाट

तेच कारण. व्हीबस आणि सीसी या शेजारच्या पिना, मध्ये अर्धा मिमी अंतर. सीसी तुमच्या ५.१ किलोओहममुळे शून्यावर, व्हीबस २.९ वर. मध्ये ओलसर, क्षारयुक्त थर आला की तो छोटा सेलच झाला. प्रवाह अगदी कणभर, पण रात्रंदिवस महिनोन्महिने. धनाकडच्या पिनेचा मुलामा झिजतो आणि खालचं तांबं विरघळतं. तुमचा हिरवा थर बराचसा त्या पिनेतल्याच तांब्याचा असणार.

आता २.९ कुठून येतंय ते बघू. व्हीबसकडून लोडकडे, म्हणजे बाकीच्या सर्किटकडे, शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे का? आणि व्हीबसला ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर किती?

निफाडची माती

आहे, ३ अँपिअरचा शॉटकी. सेलकडून येणारी वीज चालू-बंद करणाऱ्या मॉसफेटचं गेट व्हीबसला जोडलंय आणि तिथून १ मेगाओहम ग्राउंडला. वीज वाचावी म्हणून मोठा घेतला.

तांब्याची वाट

शॉटकी उलट्या दिशेनेही थोडा गळतो, आणि मोठ्या शॉटकीची गळती जास्त. उन्हात डबी तापली की आणखी वाढते. ३ मायक्रोअँपिअर गळाले तरी १ मेगाओहमवर ३ व्होल्ट उभे राहतात. १ मेगाच्या जागी १० किलोओहम टाका. तो वीज खाईल फक्त चार्जिंग चालू असताना, अर्धा मिलिअँपिअर, आणि तीही चार्जरची. सेलवर त्याचा भार नाही. मॉसफेटचं गेटही नीट खाली राहील, आत्ता ते अर्धवट उघडं असणार.

इसार काठ

क्या बात है. पाणीरोधक सॉकेटबद्दल मी भर घालतो. त्यातलं ‘आयपीएक्स७’ वगैरे म्हणजे सॉकेटमधून डबीच्या आत पाणी जात नाही, एवढंच. शेलला सांधा नसतो, मागून सील असते, तोंडाशी रबरी कडं असतं. पण जीभ आणि संपर्क बाहेर उघडेच. त्यांच्यावर पाणी बसणारच. त्यामुळे न जोडलेल्या सॉकेटवर व्होल्टेज नसणं हाच खरा बचाव. तो तुम्ही आता केलात.

मुलाम्याची जाडीही डेटाशीटमध्ये बघा. स्वस्त सॉकेटांवर नुसता सोन्याचा फ्लॅश असतो, नावालाच. संपर्काच्या जागी १५ किंवा ३० मायक्रोइंच सोनं असलेला प्रकार मागून घ्या. सुट्या पुडीत हे कळायला मार्ग नाही, म्हणून निर्मात्याचा पार्ट नंबर असलेलाच माल घ्या.

कोल्हापूरचा दुरुस्तीवाला

ही व्हीबसची मोजणी आता मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक यंत्रावर करून बघणार. हिरवी झालेली सॉकेटं बदलून दिली आणि सहा महिन्यांत तीच परत आली, असं किती वेळा झालंय.

भोसरी जॉबवर्क

निफाडकर, स्टॅटिकचं संरक्षण आहे का? कोरड्या हवेत डबीला हात लावताना ठिणगी बसते. डी प्लस-डी मायनसवर यूएसबीएलसी६-२ सारखा टीव्हीएस (ठिणगीचा झटका झेलणारा भाग) टाका, सॉकेटच्या अगदी जवळ, चिपजवळ नाही. सीसीवरही टाका.

इसार काठ

सीसीला आणखी एक धोका असतो. प्लग तिरका निघताना व्हीबस शेजारच्या सीसीला घासू शकते. तुमच्याकडे ५ व्होल्टच आहेत, त्यामुळे सीसी ते एडीसी यांच्यामध्ये काही किलोओहमचा एक रेझिस्टर ठेवला तरी पुरे. २० व्होल्ट घेणाऱ्या यंत्रात मात्र टीपीडी६एस३०० किंवा टीसीपीपी०१ सारखी खास चिप घालावी लागते.

निफाडची माती

तीन आठवड्यांनी लिहितोय.

१६ पिनचं, चार आरपार पायांचं, दोन बोटांचं सॉकेट पक्कं केलं. नामांकित निर्मात्याचं, डेटाशीटसह, ३० मायक्रोइंच सोन्याचं. सुट्या पुडीपेक्षा चौपट महाग पडलं, तरी अख्ख्या यंत्राच्या खर्चात ते कुठेच दिसत नाही. फूटप्रिंट लायब्ररीतून उचलला नाही, निर्मात्याच्या चित्रावरून स्वतः काढला. मग कागदावर एकास एक मापाचा प्रिंट घेतला, फोमवर चिकटवला आणि सॉकेट टोचून बघितलं. उत्सुकतेपोटी जुन्या पुडीतलं सॉकेटही त्याच प्रिंटवर ठेवलं. दिसायला हुबेहूब, पण मागचे पाय जुळेनात.

सीसीला दोन रेझिस्टर, व्हीबसला १० किलोओहम. नव्या नमुन्यावर केबल नसताना व्हीबसवर ३० मिलिव्होल्ट दिसतात.

एकच गोष्ट अडली. डबीची भिंत २.५ मिमीची आहे आणि सॉकेटचं तोंड आतल्या बाजूला राहतं. प्लग घातला तर त्याचं बोंड भिंतीला टेकतं आणि प्लग पूर्ण आत जात नाही. चार्ज होतं, पण जरा हललं की सुटतं.

भोसरी जॉबवर्क

दोन वाटा. बोंड मानकाप्रमाणे जास्तीत जास्त १२.३५ × ६.५ मिमीचं असू शकतं. भिंतीतलं भोक १३ × ७ करा, म्हणजे बोंडच भिंतीच्या आत शिरेल. पण मग फासळ्यांची पकड आणखी आतून द्यावी लागेल आणि रबरी झाकणही मोठं होईल. दुसरी वाट, सॉकेट बोर्डाच्या कडेबाहेर काढा आणि त्याचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या पातळीला आणा. मात्र सगळ्या सॉकेटांना एवढं बाहेर येता येत नाही, पुढचे पाय कडेपासून किती आत हवेत ते डेटाशीटच्या चित्रात बघा. आणि पॅनल करताना, म्हणजे अनेक बोर्ड एकाच पत्र्यावर घेताना, त्या बाजूला व्ही-कट (बोर्ड मोडून वेगळे करायची चीर) देऊ नका, सॉकेट शेजारच्या बोर्डावर येतं. तिथे राउटिंग करून, म्हणजे आरपार कापून, जागा मोकळी सोडा.

निफाडची माती

झाकण बदलायचं नाहीये, साचा झालाय. चित्र बघितलं, माझं सॉकेट कडेबाहेर १ मिमीच येऊ शकतं. उरलेल्या दीड मिमीसाठी भिंतच सॉकेटपुरती आतून कोरून पातळ करतोय, म्हणजे शेलचं तोंड कोरलेल्या जागेत शिरेल आणि कोरण्याच्या कडाच फासळीचं काम करतील. उद्या एक डबी हातानं कोरून बघतो आणि फोटो टाकतो.

कोल्हापूरचा दुरुस्तीवाला

कोरताना शेलच्या चारही बाजूंना ०.२ मिमीची फट ठेवा. अगदी घट्ट केलंत तर डबीचे स्क्रू आवळतानाच सॉकेटवर ताण येईल.